उरलेलं तेल

रुक्मिणीने बाथरूममध्ये पाट टाकला, त्यावर बसून दोन्ही पाय समोर लांब केले आणि आधी स्वतःच्या नडग्यांना तेल चोळलं. मग मधे फट राहून बाळ घसरू नये म्हणून पाय घट्ट जुळवले आणि त्याला पालथं त्यांवर घेतलं. दाराशी उंच खुर्चीत शकु बसली होती, मांडीवर टॉवेल. नातीच्या आंघोळीत तिच्याकडे एवढंच काम होतं.

"काल डॉक्टर काय म्हणाले, मावशी? उद्यापासून येऊ का नको?" रुक्मिणीने विचारलं.

गेल्या आठवड्यात शकुच तिला म्हणाली होती, डॉक्टरांनी खाली बसू दिलं की नातीला मीच आंघोळ घालीन.

उत्तर शकुच्या मुलाने दिलं. विकी हॉलमध्ये बूट घालत होता. "एक नंबर आहे आईचा एक्स-रे. खुब्याच्या दुसऱ्या ऑपरेशनला दहा वर्षं झाली, सांधा जराही हललेला नाही. डॉक्टर तो कॉन्फरन्समध्ये दाखवणार आहेत."

"मग बसू द्या की खाली."

"विचारलं ना तिने. ते म्हणाले, खाली बसला नाहीत म्हणून टिकलाय. निखळला तर तिसऱ्यांदा बसवायला हाड कुठून आणू?" विकी उठला. "कळलं ना, आई?"

"कळलं. जा तू."

दार लागलं. रुक्मिणी बाळाच्या पाठीवर अंगठे फिरवत राहिली.

"हाड आणतात म्हणजे?"

"पहिला सांधा ढिला झाला तेव्हा आजूबाजूचं हाड झिजून गेलं होतं. मग दुसऱ्याचं भरलं."

"मेलेल्या माणसाचं?"

"जित्या गं. कुणाच्या तरी ऑपरेशनमध्ये काढलेलं."

"म्हणजे भाडेकरू ठेवलाय तुम्ही खुब्यात."

"आता घरचाच झाला तो. फोटोत कुठलं माझं, कुठलं त्याचं, डॉक्टरांनाही ओळखू येत नाही." शकु पुढे झुकणार होती, ती थांबली. "पाणी हळू घाल. कानात जाईल."

"मावशी, किती पोरं न्हाऊ घातलीत मी."

"मीही घातलीत. विकी याच पायांवर मोठा झाला. जुन्या चाळीत ज्या पोराला आजी नव्हती ना, त्याची आई पोर घेऊन माझ्या मोरीत यायची."

रुक्मिणीने तांब्या बादलीत सोडला.

"ऊठ जरा," शकु म्हणाली.

रुक्मिणीने आतल्या खोलीकडे पाहिलं. बाळाची आई, शीतल, आत झोपली होती. मग तिने ओल्या बाळाला खांद्याशी धरलं, उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

शकुने टॉवेल खुर्चीवर ठेवला. चौकट धरली. एक पाऊल आत टाकलं. पाट फार खाली दिसत होता. तिने गुडघा वाकवला, आणखी थोडा वाकवला. खुब्यात काहीच दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. थांबायला कारण मिळालं असतं. रुक्मिणीच्या खांद्यावरून बाळ तिच्याकडे बघत होतं.

ती तशीच अर्धी वाकून राहिली. मग चौकट न सोडता हळूहळू सरळ झाली.

"पाट ओला आहे," ती म्हणाली.

"पुसते की."

"नको. तू बस. गारठेल ती."

आंघोळ झाली. शकुने खुर्चीत बसून टॉवेल पसरला, बाळाला त्यात घेतलं, मानेच्या वळ्या एकेक करून टिपल्या. आतून शीतलची हाक आली तशी रुक्मिणी बाळाला घेऊन गेली. परत येऊन वाटीतलं उरलेलं तेल ती बाटलीत ओतायला लागली.

"उद्या वेळेवर ये."

"येते."

"तेल ओतू नको ते. माझ्या पायांना लाव."

"दुखतायत?"

"नाही."

शकुने समोरचं स्टूल काठीने ओढून घेतलं आणि दोन्ही पाय त्यावर लांब केले. एवढं वाकून स्वतःच्या नडग्यांपर्यंत तिचा हात पोचत नसे. रुक्मिणी पाटावर बसली. तेल अजून कोमट होतं. तिने काही न विचारता दोन्ही नडग्यांना ते गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चोळलं, जसं रोज स्वतःच्या पायांना चोळायची, आणि हात धुऊन निघून गेली.

आत बाळ दूध पिऊन झोपलं. शीतल टॉवेल वाळत घालायला बाहेर आली, तेव्हा शकु तिथेच बसलेली होती. चकाकणारे दोन्ही पाय तिने एकमेकांना घट्ट चिकटवून धरले होते. मधे बोटभरही फट नव्हती.