हिरवा दोरा

हनुमंत मिस्त्री जीपखाली उताणा पडला, तवा भोरात ऊन नुकतं कुठं तापाय लागलं व्हतं. दुकानाच्या उंबऱ्यात त्याची बायको साळूबाई गोधडी शिवत बसलेली. मांडीवर हिरव्या दोऱ्याचं रीळ. जीपशेजारी मोबाईलची बॅटरी धरून जीपची मालकीण, हिर्डोशीची शिवानी.

जीप जुनीच, पण शिवानीला नवी. उद्यापास्नं हिर्डोशीची अकरा पोरं तिच्यातनं भोरच्या शाळंत यायची व्हती.

"यष्टीचं काय सांगू मामा," शिवानी म्हणाली. "आमच्याकडं पोरगं बिनमिशीचं चढतंय, आन भोरात उतरलं की आधी न्हाव्याकडं जातंय."

"अगं, तुजा आजा त्याच यष्टीनं लग्नाला निघाला व्हता," खालनं हनुमंत म्हणाला. "पोचला ते थेट तुज्या बारशाला!"

गेरबॉक्सचं ऑईल बदलून झालं व्हतं. काढलेल्या नटाच्या टोकाच्या लोहचुंबकाला लोखंडाची केसावाणी बारीक लव चिकटलेली. "एवढं चालतंय. म्हाताऱ्याचं केस गळायचंच," म्हणत हनुमंत सरपटत मागं गेला.

मागच्या दोन चाकांच्या मधी लोखंडाचा गोळा असतो. घाटात सगळी ताकद तो चाकांना वाटून देतो. मिस्त्री लोक त्याला डिफ्रन्सल म्हणतात. हनुमंतचा नेम असा, की आधी वरचा भरायचा नट सोडायचा, मगच खालचा. खालनं ऑईल सांडून दिलं आन वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथंच उपाशी.

ह्या हनुमंतच्या कानाची लई ख्याती. किकवीला हायवेवर कुणाचा गेर अडकला, तर ह्यो भोरात जेवता जेवता सांगायचा, कुठला दात तुटलाय ते. ही जीप सकाळी दारात आली तवा मात्र त्याला कायबी ऐकू आलं नव्हतं.

वरचा नट सुटला. नटाच्या आट्यांत हिरवा दोरा गुंडाळलेला व्हता.

हनुमंतचा हात थांबला. ऑईल पाझरू नये म्हणून नटाला गोधडीचा दोरा गुंडाळणारा मिस्त्री अख्ख्या भोर-वेल्ह्यात एकच व्हता. दोन दिवाळ्यांमागं ही जीप पांढरी व्हती, किकवीच्या मानसिंगची. गोळा गांधीलमाश्यांच्या पोळ्यागत घोंघावायचा. "गिऱ्हाईक यायचंय, तेवढं गप कर की," मानसिंग म्हणाला, आन ह्यानं हसत हसत गप केला. ते गिऱ्हाईक फिरकलंच न्हाई, जीप मानसिंगकडंच पडून राहिली. आज निळ्या रंगाखाली त्यानं तिला वळखलं नव्हतं.

"काय झालं मामा?"

"काय न्हाई. ह्यो धर." सवयीनं त्यानं नट बाहेर शिवानीच्या हातात दिला.

वरनं थोडं नवं ऑईल ओतलं असतं, नट आवळला असता, तर देवालाबी कळलं नसतं.

"चार गाड्या बघितल्या म्या," शिवानी आपली बोलतच व्हती. "पण मानसिंगदादा म्हणाले, हनुमंतच्या हातची गाडी हाय, डोळं झाकून घे. मग घेतली."

हनुमंतनं खालच्या नटाला पाना लावला.

ऑईलची धार पडलीच न्हाई. नाचणीच्या आंबिलीगत दाट काय तरी भोकातनं लोंबलं, आन मग भसकन खालच्या घमेल्यात आलं. शिवानीनं वाकून बोट घातलं.

"मामा, ह्यात लाकडाचा भुसा हाय!"

"व्हय. झिजलेल्या दातांचा आवाज दाबाया टाकत्यात."

"आन घाटात दात तुटलं असतं, मंग?"

हनुमंत खालीच पाना पुसत राहिला.

"पोरं असती की वं माज्या गाडीत!" शिवानीनं भुशानं भरलेलं बोट झटकलं. "ज्यानं ह्यो भुसा टाकला, त्याच्या ताटात जल्मभर भुसाच पडू दे!"

उंबऱ्यात साळूबाईची सुई थांबली. पोरीच्या मुठीतल्या नटाला हिरवा दोरा लोंबत व्हता.

"तसं म्हणू नगं पोरी," ती हळूच म्हणाली. "ते ताट मीच वाढते."

शिवानीनं एकदा रिळाकडं बघितलं, एकदा नटाकडं.

हनुमंत जीपखालनं बाहेर आला. उठायचं सोडून पोत्यावरच बसला.

"म्या टाकला. तू घेशील, हे तवा ठावं नव्हतं."

"म्या नसती घेतली तरी कोण तरी बसणारच व्हतं की मामा."

तो उठला. दुकानाच्या बाजूला त्याची सवताची जीप उभी व्हती, ह्याच जातीची. बंद पडलेल्या गाड्या तो तिनंच वढून आणायचा. मागं रायगड बांधा, वरंधा घाट चढून दाखवीन, असं साऱ्या तालुक्याला सांगायचा. तिच्या मागच्या चाकाला त्यानं पाना लावला.

"अवो, हे काय?" साळूबाईनं विचारलं.

"हिचा गोळा तिला बसवतो. दिस मावळायच्या आत."

दुपार कलली. शिवानी पाने देत राहिली. चांगला गोळा तिच्या जीपला बसला, आन हनुमंतची जीप दगडांवर बसली, अंड्यावरच्या कोंबडीगत. नवं ऑईल भोकाच्या काठाला लागलं, तसा हनुमंतनं नेहमीसारखा हात मागं केला.

"साळे, दोरा दे."

साळूबाईनं डब्यातनं लाल दोरा काढला, दातानं तोडला, आन त्याच्या हातावर ठेवला.

"हिरवा संपला व्हय?"

"संपला."

हनुमंत लाल दोरा घेऊन जीपखाली शिरला. शिवानीनं वाकून बॅटरी धरली. साळूबाईच्या मांडीवर हिरवं रीळ भरलेलंच व्हतं.