नकाशातली भिंत

जुन्या ग्रंथालयाची भिंत काल पडली. नगरपालिकेच्या लेखी मात्र ती पडलीच नाही. तिला टेकू मिळावा म्हणून वास्तुकलेच्या सरांनी वर्षभर पालिकेत खेटे घातले होते आणि पुरावा म्हणून विद्यार्थ्यांनी मोजून काढलेला नकाशा भरवशाने जोडला होता. पालिकेने नकाशा मंजूर केला; त्यात भिंत ताठ उभी, म्हणून टेकू नामंजूर.

“अरे, भिंत हातभर कलली होती ना?” सर ढिगाऱ्यापाशी एका विद्यार्थ्यावर ओरडले.

“हो सर. पण कागदावर वाकडी बरी दिसेना, म्हणून सरळ केली.”

सरांनी कपाळावर हात मारला.

“पण सर, विटा शाबूत आहेत! पुन्हा वापरता येतील, पर्यावरणालाही बरं.”

तेवढ्यात पालिकेचा शिपाई आला आणि ढिगाऱ्यावर नोटीस चिकटवून गेला: ‘सदर भिंतीने मंजूर नकाशाप्रमाणे तातडीने उभे राहावे, ही विनंती.’