सातवा होल

शांत स्वयंपाकघरात टेबलावरचा फोन थरथरला. गोल्फच्या मैदानाची निगा राखणारा म्हातारा डूगल बोलत होता.

"मोराग, कालच्या वादळात सातवा होल गेला गं."

"गेला म्हणजे?"

"समुद्रात. झेंड्यासकट."

 मोरागचे बाबा कोळ्याच्या घरातले, पण होडीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. वडील आणि दोन्ही भाऊ समुद्राने गिळलेले. बाबांचा सगळा जीव किनाऱ्यावरच्या त्या चारशे वर्षांच्या मैदानावर. "यांची खरी बायको ती," असा आई टोमणा मारायची. जाताना बाबांनी एकच मागितलं होतं, "माझी राख समुद्राच्या तोंडी देऊ नकोस. सातव्या होलपाशी ठेव."

गेल्या वर्षी एका रविवारी, खेळ बंद असताना, तिने आणि तिच्या छोट्या लेकीने, कर्स्टीने, तिथल्या हिरवळीचा तुकडा उचलला, खाली राख ठेवली आणि बाबांनी शिकवलं होतं तसा तो परत बसवून पायाने दाबला. डूगल पाठ फिरवून उभा होता. म्हणाला, "रविवारी मैदानाला सुट्टी असते, तशी माझ्या डोळ्यांनाही."

आज डूगलने फोन ठेवला.

"आई, काय झालं?"

"आजोबांची जागा समुद्रात गेली, राणी."

कर्स्टीने दुधाचा पेला खाली ठेवला.



"आजोबांना पोहता येतं ना गं?"