रो गाव कुणाचं?

"हा नको," इंगालिल म्हणाली. "यात शेवटी कुणीतरी जिंकतं."

"अगं, खेळ म्हटला की कुणीतरी जिंकणारच!"

"नाताळात तू जिंकला होतास. मग काय झालं, आठवतंय ना?"

टॉर्किलला चांगलंच आठवत होतं. पटावरचा साधा सोंगट्यांचा खेळ, पण बाईसाहेब त्याला बोटीपर्यंत सोडायलासुद्धा आल्या नव्हत्या. त्यानं मुकाट्यानं लॅपटॉपवरचा पुढचा खेळ काढला.

रविवारची दुपार होती. स्वीडनच्या किनाऱ्यावर, रो नावाच्या कोळ्यांच्या गावात, इंगालिलच्या स्वयंपाकघरात दोघं कॉफी घेऊन बसली होती. खिडकीबाहेर पाणी, आणि पाण्यापलीकडे डेन्मार्क. तिथं हेल्सिंगोरला टॉर्किलचं घर. मध्ये फेरीबोट. दोन वर्षं झाली, गडी या बोटीनं येतोय आणि जातोय. दोघांचीही सत्तरी उलटलेली, दोघांचेही जोडीदार कधीच गेलेले, आणि आता एकमेकांवाचून करमत नाही हे दोघांनीही कबूल केलेलं. घोडं अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. राहायचं कुठं?

"मी रो सोडणार नाही," असं ती म्हणायची.

"आणि मी डेन्मार्क सोडणार नाही," असं तो म्हणायचा. झालं! पुढं कुणी एक पाऊल टाकेल तर शपथ.

शेवटी तोडगा तिनंच काढला. लॅपटॉपवरचा एखादा खेळ घ्यायचा. संध्याकाळी त्यानं त्याच्या घरी बसायचं, तिनं तिच्या, आणि दोघांनी मिळून खेळायचं. टॉर्किल हो म्हणाला खरा, पण मनातून खट्टू झाला. असा खेळ घ्यायचा म्हणजे वेगळं राहायचं हे कायमचंच ठरलं की!

"हा बघ," तो म्हणाला. "इतिहासातला आहे. एक राज्य घ्यायचं आणि चालवायचं. लढाया, तह, सोयरिकी, सगळं आपणच करायचं. जिंकणं नाही, हरणं नाही. संपतच नाही हा."

"संपतच नाही?"

"आपण कंटाळेपर्यंत नाही."

"मग हाच बघू या. आणि जरा नीट बोल रे बाबा. तोंडात गरम बटाटा धरून बोलता तुम्ही डेन्मार्कची माणसं, निम्मं कळत नाही."

"स्वस्त बिअर न्यायला आमच्याकडे येता तेव्हा बरं सगळं कळतं!"

खेळ घ्यायच्या आधी थोडा फुकट खेळून बघता येत होता. पडद्यावर पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वीचा युरोप पसरला. एकेका राज्याचा एकेक रंग. इंगालिलनं विचारही न करता निळं स्वीडन घेतलं आणि चष्मा नाकावर चढवून आधी आपलं गाव शोधायला लागली. किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली आली. आणखी खाली आली. निळा रंग संपला तरी गाव येईना.

"हे कसलं रे? माझं गाव लाल का दिसतंय?"

टॉर्किलनं वाकून पाहिलं, आणि हातातली कॉफी हिंदकळून टेबलावर सांडली. रोच काय, आसपासचा अख्खा मुलूख लाल होता. लाल म्हणजे डेन्मार्क.

"तेव्हा हे सगळं आमचंच होतं गं! शाळेत शिकवलं नाही का तुला?"

"शिकवलं असेल. मी त्या तासाला झोपत असे."

टॉर्किलला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं टेबलावर थाप मारली. "दोन वर्षं मी घसा कोरडा करतोय, डेन्मार्कला चल, डेन्मार्कला चल! आणि तू बसलीयेस कुठं? डेन्मार्कमध्येच!"

इंगालिल हसली नाही. पडद्याकडे एकटक बघत राहिली. टॉर्किलचं हसू हळूहळू ओसरलं. जरा जास्तच चिडवलं की काय, असं त्याला वाटलं. आता परत बोटीपर्यंत एकट्यानं जावं लागणार.

"हाच खेळ घे," ती शांतपणे म्हणाली.

म्हणजे संपलंच. त्यानं फडकं घेतलं आणि सांडलेली कॉफी पुसायला लागला. तिच्याकडे बघायचं त्याला धाडस होईना.

"टॉर्किल."

"हं."

"रो डेन्मार्कमध्ये आहे, हे तूच म्हणालास ना आत्ता?"

"अगं, थट्टा केली मी. तेव्हाची गोष्ट ती."

"थट्टाबिट्टा काही नाही. आहे की नाही, तेवढं सांग."

"आहे बाई. या नकाशात तरी आहे."

"मग इथं राहायला आलास तर तुला डेन्मार्क सोडावा लागणार नाही." तिनं चष्मा काढला. आता तिचे डोळे मिश्कील झाले होते. "सामान कधी आणतोस?"

टॉर्किलच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. दोन वर्षं ज्या अटीवर तो अडून बसला होता, तिच्यातच या बाईनं त्याला अलगद पकडलं होतं. आणि पकडला गेल्याचा इतका आनंद त्याला उभ्या जन्मात झाला नव्हता.

"माझी आरामखुर्ची लई मोठी आहे हं," शेवटी तो कसाबसा म्हणाला.

इंगालिलनं पडद्यावरच्या त्या लाल मुलखावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"आण की," ती म्हणाली. "डेन्मार्कात जागेला काय तोटा?"