टेपवरचा आवाज

मोबाईलमधून गाण्याची पहिलीच ओळ ऐकू आली आणि सर्जेरावांनी आवाज ओळखला. संघपालचाच. दोघांनी उत्रोलीत बरोबरच गायला सुरुवात केली, पण टाळ्या पडायच्या त्या संघपालला. पुढं त्यानं सर्जेरावांना न विचारता एकट्यानंच कॅसेट काढली. इरेला पेटून सर्जेरावांनीही काढली, ती पाव्हण्यारावळ्यांनीसुद्धा घेतली नाही. संघपाल नंतर मुंबईला गेला, तिथंच वारला. सर्जेरावांच्या पोटातली जळजळ मात्र गेली नाही.

समोर पुण्याहून आलेली तिशीची सारिका बसली होती. ही जुनी कॅसेट तिनं नेटवर टाकली होती. वरचा कागद निघून गेल्यानं नाव नव्हतं, पण हजारो लोक गाणी ऐकत होते, गायक कोण म्हणून विचारत होते. भोरच्या एका दुकानदारानं जुने गाणारे म्हणून तिला सर्जेरावांचं घर सांगितलं होतं.

हजारो लोक. मेल्यावरसुद्धा टाळ्या त्यालाच.

"काका, कोणाचा आवाज हा?"

"माझा," सर्जेराव म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या वनिताबाई उंबऱ्यातच थांबल्या. तो आवाज त्यांनाही ठाऊक होता. त्यांनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि कप सारिकापुढं ठेवला.

ही गाणी केलीत तेव्हा तुम्ही वेल्ह्याला होतात का, असं सारिकानं विचारलं. संघपाल तिथं बांधकामावर वर्षभर राहिला होता. सर्जेरावांनी ते वर्षही आपल्या नावावर घेतलं. चाली कशा सुचल्या, पेटी कुणी वाजवली, सगळं रंगवून सांगितलं. आपलं बोलणं कुणी असं जीव लावून ऐकतंय, हे त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं.

"आणि ते नदीकाठचं गाणं? ते कुणावर केलंत?"

गाण्यात एक बाई वाट बघत उभी होती. सर्जेरावांनी तिच्यावरूनच गोष्ट जुळवली.

"व्हती एक वेल्ह्यातली. लई जीव व्हता तिचा. म्या निघून आलो, ती तितंच ऱ्हायली."

"परत गेला नाहीत?"

"न्हाई. गाणाऱ्याचं असंच असतंय."

सारिकानं मोबाईल बंद केला. बराच वेळ ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, काहीतरी शोधत असल्यासारखी.

"आई मागच्या वर्षी गेली," ती म्हणाली. "तिनं नाव कधी सांगितलं नाही. शेवटी ही कॅसेट हातात दिली आणि एवढंच बोलली, 'ह्यात जो गातोय, तो तुझा बाप.'"