म्हाताऱ्याचं बालपण

सातव्या चौकटीतली आई पुन्हा मान वळवत होती.

चित्रकथेच्या पानावर वाकलेल्या चित्रकर्तीने रेघ खोडली. छपरावरून पडलेला सात वर्षांचा मुलगा अंगणात उभा, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मागे दारात आई, त्याच्याकडे पाठ करून शिवत बसलेली. आईने वळून बघायचं नव्हतं, गोष्टीचा सगळा जीव तेवढ्यातच होता. पण पेन्सिल मानेपाशी आली की हात आपोआप फिरायचा आणि कानामागून गालाची कड दिसायला लागायची.

"तीनदा झालं," शेजारच्या टेबलावरून शाईकाका म्हणाले. तिच्या पेन्सिलीवर शाई चढवायचं काम त्यांचं. "कागदाला भोक पाडशील."

पानं पाच वाजता छपाईला जायची होती. त्यांच्या चित्रकथा-मासिकाच्या गेल्या एक्केचाळीस अंकांत खलनायकाला जाळून झालं होतं, बुडवून झालं होतं, डोंगराखाली गाडून झालं होतं. तो काही मरत नव्हता. वय तीन हजार वर्षं, म्हणून कचेरीत सगळे त्याला म्हाताराच म्हणत. हा मरत का नाही आणि एवढा वाईट झाला तरी कशाने, असं विचारणाऱ्या पत्रांचा ढीग साचला, तेव्हा संपादकांनी त्याचं बालपण मागितलं. आठ पानांत.

तिने लिहिलं ते एवढंच. पोर तापाने फणफणलेलं, आई तीन दिवस उशाशी. दारात आलेल्या एका वाटसरूने काय हवं म्हणून विचारलं. याला कधी काही होऊ नये, आई म्हणाली. बरं, म्हणून तो चालता झाला. ताप उतरला, आणि त्या दिवसापासून आई निर्धास्त झाली.

संपादक चहाचा कप हातात घेऊन दोनदा येऊन गेले होते. त्यांना जळलेलं गाव हवं होतं, निदान पट्ट्याने मारणारा बाप. आईने नुसतं वळून पाहिलं नाही म्हणून कुणी शहरंच्या शहरं बेचिराख करतं का, असं त्यांचं म्हणणं. शिवाय पोटचं पोर छपरावरून पडलं आणि आई ढिम्म, हे पटणार कुणाला? त्यापेक्षा सावत्र दाखवा. तोंड इकडे करा, भुवया चढवा, पाच मिनिटांचं काम. वेळेत जमलं नाही तर ते स्वतः भुवया काढणार होते, आणि त्यांनी काढलेल्या भुवया कचेरीत सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

"त्याला पडून काही होतच नाही," ती म्हणाली. "मग ती कशाला बघेल?"

"मग तुमचा हात का वळतोय?" संपादकांनी विचारलं.

टेबलावर शाईच्या बाटलीला टेकवून ठेवलेल्या फोनकडे तिने शंभराव्यांदा पाहिलं.

घरी दीड वर्षाच्या लेकीला सकाळपासून ताप होता. निघताना एकशे एक, दोन वाजता एकशे तीन. डॉक्टरांना दाखवून झालंय, औषध दिलंय, काळजी करू नकोस, असं सासूबाई दोनदा म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या असत्या तर तिने ऐकलं असतं. त्यानंतर तिने सात वेळा फोन लावला. शेवटी सासूबाईंनी सांगितलं की पोर तापाने नाही, तुझ्या फोनने दचकून उठतंय. आता मीच करीन. त्याला दीड तास झाला होता.

उठून चालू लागावं, होऊ देत भुवया, असं तिला दर मिनिटाला वाटत होतं. पण मग तो मुलगा सावत्र आईमुळे वाईट झाला असता, आणि तसं झालेलं नव्हतं.

पावणेपाचला तिने चौथ्यांदा खोडलं. शाईकाकांनी येऊन त्या जागेवर बोट फिरवलं. कागद पार लवदार झाला होता. आता आणखी एकदा खोडलंस तर यावर शाई फुटेल, पान गेलं समज, ते म्हणाले. काढशील ती शेवटची.

तिने पेन्सिल टेकवली आणि उचलली. टेकवली आणि उचलली.

फोन वाजला.

ताप उतरला होता. दरदरून घाम आला, दूध मागून प्यायली आणि आता पलंगावर बसून उच्छाद मांडलाय, सासूबाई सांगत होत्या. "अगं, माझा चष्मा लपवलाय कुठेतरी, सांगतही नाही. तू ये सावकाश." मागून लेकीचं खिदळणं ऐकू येत होतं. ती हो आई, हो आई म्हणत राहिली. सकाळपासून कानांपर्यंत चढलेले खांदे खाली आले. सासूबाई मग चष्म्याच्या नंबरावर घसरल्या, शेजारणीच्या मोतीबिंदूवर गेल्या. एका हातात फोन तसाच धरून तिने दुसऱ्या हाताने मानेपासून कमरेपर्यंत रेघ ओढली. मध्ये कुठे थांबली नाही.

फोन ठेवल्यावर तिने पाहिलं.

दारात आई बसली होती. रुंद, सैल, आरामशीर पाठ. मान शिवणावर झुकलेली. मागे अंगणात कुणी उभं आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

शाईकाका बघत राहिले. संपादक आले, कप बाजूला ठेवून पानावर वाकले.

"सख्खीच आहे ही," ते म्हणाले.

ती तोवर पर्स खांद्याला अडकवून दारापर्यंत पोचली होती.

"अगं, ताप उतरला ना?" शाईकाकांनी मागून विचारलं. "मग पळतेस कशाला?"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरू लागली.