उलटा मोजा

"चालून दाखवू दे," म्हणत ज्या साहेबानं मागच्या खेपेला तिच्या लेकाला पडेपर्यंत चालवलं होतं, तोच मोठ्या रजेनंतर जिना उतरून खाली आला. व्हीलचेअरचा अर्ज फेटाळायला एवढी तसदी? की चहापाण्याचं बोलायला आडोसा बरा? तिनं पर्स काखेत दाबली. "वर चढू नका. सही इथंच करतो," म्हणत साहेबानं चक्क गुडघे टेकून लेकाच्या आधाराच्या बुटाचा पट्टा सोडला. "अहो, नाटक नाही करत तो!" "माहितेय. घोट्याला टोचतंय." त्यानं मोजा काढला, उलटा करून घातला. "शिवण बाहेर ठेवायची, ताई." लेक खुदकन हसला. हे याला कुणी शिकवलं? पर्सवरची पकड सैलावली. "मुलगा की मुलगी?" तिनं हळूच विचारलं. "मुलगी. अपघातानंतर पुन्हा चालायला शिकतेय." लावलेला पट्टा सोडून तो परत लावत बसला.